वळणावरची सोबत



'कोचिंग' म्हटले की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात. अलीकडे हा शब्द वेगळ्या अर्थानेही कानावर येतो. नोकरी सुटलेल्या, नोकरी बदलू पाहणाऱ्या किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला काही बैठकांतून, समुपदेशनाच्या पद्धतीने मदत करणाऱ्याला आता 'करिअर कोच' म्हणतात. शब्दाचे मूळ मजेशीर आहे. हंगेरी देशात कोच नावाचे एक गाव आहे. तिथे चांगल्या घोडागाड्या तयार होत, म्हणून त्या गाडीला गावाचे नाव पडले. पुढे विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार नेणाऱ्या शिक्षकालाही तेच नाव मिळाले. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गाडी प्रवाशाला नेते ती त्याला जायचे असते तिथे. गाडीवानाच्या मनात असते तिथे नव्हे.

हा लेख लिहायला कारण झाली माझी स्वतःची एक चूक. ती आधी सांगतो.

दहा मिनिटांचा सल्ला

गुरुदीक्षेनंतर दुसऱ्याच वर्षी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. एका रविवारी मिस्सानंतर एक गृहस्थ भेटायला आले. वय 52. एका मोठ्या कंपनीत यंत्रदुरुस्तीच्या खात्यात 28 वर्षे काढलेली. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली होती आणि अर्ज भरायला नऊ दिवस उरले होते. त्यांनी सरळ विचारले, "फादर, घेऊ का?"

मी विचारले, रक्कम किती मिळेल? कर्ज आहे का? मुले मार्गाला लागली का? उत्तरे समाधानकारक होती. मी म्हणालो, "मग घ्या. आयुष्यभर राबलात, आता आराम करा. चर्चच्या कामालाही थोडा वेळ द्या." दहा मिनिटांत विषय संपला. त्यांनी अर्ज भरला.

दीड वर्षाने त्यांच्या पत्नी आल्या. म्हणाल्या, "फादर, हे अजून सकाळी पाचला उठतात. दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ओट्यावर जाऊन बसतात. लोकलची वेळ झाली की घड्याळ बघतात. कोणाशी बोलत नाहीत." मी घरी गेलो. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही चुकीचं सांगितलंत असं मी म्हणत नाही, फादर. पण तुम्ही पैशाविषयी विचारलंत. माझ्याविषयी काहीच विचारलं नाहीत."

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आपल्यापैकी अनेकांकडे लोक असा सल्ला विचारायला येतात. आईवडिलांकडे मुले येतात, थोरल्या भावाकडे धाकटा येतो, समूहाच्या पुढाऱ्याकडे शेजारी येतो. म्हणून हा अभ्यास केवळ धर्मगुरूंसाठी नाही, आपणा सर्वांसाठी आहे.

बदल एका दिवसात, स्थित्यंतर अनेक वर्षांत

विल्यम ब्रिजेस या अमेरिकन लेखकाने 1980 साली 'ट्रान्झिशन्स' हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक साधा पण मोलाचा भेद केला आहे. बदल बाहेर घडतो, स्थित्यंतर आत घडते. नोकरी सुटली, बदली झाली, दुकान बंद पडले, हा बदल. त्याला तारीख असते. पण त्या बदलाशी माणसाचे मन जुळणे, म्हणजे स्थित्यंतर, त्याला वेळ लागतो. ब्रिजेस त्याचे तीन टप्पे सांगतात. आधी काहीतरी संपते. मग एक मधला, रिकामा काळ येतो. आणि त्यानंतर नवी सुरुवात होते. आपली चूक ही की आपण मधला काळ गाळून थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारू पाहतो.

बायबल वाचणाऱ्याला हे नवे वाटू नये. इस्राएली लोक मिसर देशातून एका रात्रीत बाहेर पडले. वचनदत्त भूमीत पोहोचायला मात्र त्यांना चाळीस वर्षे लागली. मधले सगळे रान होते. त्या रानात त्यांना गुलामगिरीतल्या जेवणाचीसुद्धा आठवण येत असे.

आपल्या मुंबई परिसराने असे बदल जवळून पाहिले आहेत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. 2000-01 मध्ये सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. 31 जानेवारी 2020 रोजी तर बीएसएनएलचे 78 हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. नोकरी कधी संपली हे या आकड्यांवरून कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरांत काय झाले, हे त्यांवरून कळत नाही.

नोकरी गेली की पगार जातो, हे सर्वांना दिसते. त्याबरोबर दिवसाचे वेळापत्रक जाते, डब्याचे सोबती जातात, "काय करता?" या प्रश्नाचे उत्तर जाते. म्हणून त्या माणसाच्या मनात एक प्रकारचा शोक असतो. शोक करणाऱ्याला आपण हिशेब सांगत नाही, आधी त्याच्याजवळ बसतो.

आधी भाकर आणि झोप

राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकोणिसावा अध्याय घरी अवश्य वाचावा. एलिया संदेष्टा जीव मुठीत धरून पळाला आहे. रानात एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो. आपले काम संपले, आपण अपयशी ठरलो, असे त्याला वाटते. देव काय करतो? त्याला उपदेश करत नाही आणि लगेच नवे कामही देत नाही. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मग चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोहोचतो. तिथे देव त्याला विचारतो की तू इथे काय करतोस. एकदा नव्हे, दोनदा विचारतो आणि दोन्ही वेळा त्याचे पूर्ण ऐकून घेतो. त्यानंतरच त्याला पुढचे काम मिळते आणि अलिशासारखा सोबतीही मिळतो.

हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी शरीराची काळजी, मग प्रश्न, मग ऐकणे आणि शेवटी काम. मी त्या गृहस्थांच्या बाबतीत क्रम उलटा केला होता.

एका जखमी सैनिकाची एकोणीस वर्षे

या विषयातला ख्रिस्तसभेचा मोठा शिक्षक म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. 20 मे 1521 रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले. दरबारात घट्ट बूट घालून मिरवता यावे म्हणून पुढे आलेले हाड त्यांनी कापून घेतले, इतका त्यांचा जीव जुन्या जीवनात अडकला होता. अंथरुणावर वाचायला शूरवीरांच्या कथा मिळाल्या नाहीत. मिळाले ते प्रभू येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा.

तिथे त्यांना एक गोष्ट जाणवली. पराक्रमाची आणि दरबाराची स्वप्ने पाहताना आनंद वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार करताना आनंद वाटे आणि तो नंतरही टिके. हा फरक ओळखणे म्हणजेच पारख. पुढे त्यांनी लिहिलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाचे बीज इथे आहे. त्या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली.

पण एवढ्यावर इग्नेशियसना आपले काम सापडले नाही. 1523 मध्ये ते यरुशलेमला गेले, तिथेच राहायचे ठरवले होते. तिथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी त्यांना परत पाठवले. मग वयाच्या तिशीनंतर ते बार्सिलोनात लॅटिन शिकू लागले, आणि तेही कोवळ्या मुलांबरोबर. 1528 मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले. सोबत्यांसह पुन्हा यरुशलेमला जाण्याचा बेत केला, तोही तुर्कांशी सुरू झालेल्या युद्धामुळे फसला. शेवटी 27 सप्टेंबर 1540 रोजी येशूसंघाला मान्यता मिळाली. पाय मोडल्यापासून एकोणीस वर्षे! तिशी-चाळिशीत वाट बदलावी लागलेल्या आपल्या भावाबहिणींनी हे लक्षात ठेवावे. देवाचे पाचारण एखाद्या पदाला चिकटलेले नसते. पद सुटले तरी पाचारण सुटत नाही.

मदत करणारा काय करतो?

व्यवसाय मार्गदर्शनाचे आधुनिक शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये त्यासाठी कार्यालय सुरू केले. 1909 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुस्तक निघाले. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. स्वतःला नीट ओळखा, कामांची नीट माहिती घ्या आणि मग दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी दाखवून दिले की मदत करणाऱ्याच्या हुशारीइतकीच, किंबहुना अधिक, त्याची वृत्ती कामी येते. समोरच्याचे मनापासून ऐकणे, अटी न घालता त्याचा स्वीकार करणे आणि स्वतः खरेपणाने वागणे, या त्या वृत्ती होत.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाच्या तीन क्रिया सांगितल्या आहेत. आधी सल्लामसलत, मग निवाडा, मग कृतीची आज्ञा. सल्लामसलत अनेकांशी करता येते. आपल्या आयुष्याचा निवाडा आणि कृती मात्र ज्याची त्यानेच करायची असते. सॉक्रेटिसची आई सुईण होती आणि तो आपले कामही सुइणीचेच आहे असे म्हणे. सुईण बाळंतिणीला धीर देते, पण मूल सुइणीचे नसते.

इग्नेशियसही साधना देणाऱ्याला हेच बजावतात. त्याने साधकाला एका बाजूला ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, आणि निर्माता व त्याची लेकरे यांच्यातला व्यवहार त्यांचा त्यांना करू द्यावा. पोप फ्रान्सिस यांनीही 2016 मध्ये कुटुंबजीवनाविषयी लिहिताना हाच सूर लावला होता. लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीची घडण करणे हे आपले काम, तिची जागा घेणे हे नव्हे.

घरी करून पाहण्यासारख्या पाच पायऱ्या

'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातील निवडीविषयीच्या सूचना मी आपल्या भाषेत मांडतो.

1. अंधारात वाट बदलू नये. मन निराश, रागावलेले किंवा घाबरलेले असताना आधीचा निर्णय मोडू नये. वरिष्ठांशी भांडण झाले त्याच संध्याकाळी राजीनामा लिहू नये. लिहिलाच तर पाठवू नये.

2. प्रश्न नेमका मांडावा. "माझे कसे होणार?" हा प्रश्न नव्हे, ती धास्ती आहे. "आखातातली तीन वर्षांची नोकरी स्वीकारावी की इथलीच ठेवावी?" हा प्रश्न आहे. दोन्ही पर्याय मुळात चांगले असले पाहिजेत. लाच देऊन मिळणारी जागा हा निवडीचा विषयच नव्हे.

3. कागदावर चार रकाने आखावेत. स्वीकारले तर लाभ आणि तोटे, न स्वीकारले तर लाभ आणि तोटे. चारही रकाने भरावेत, कारण बहुधा आपण एकच भरतो. मग कोणत्या बाजूला कारणे अधिक आहेत हे न मोजता कोणती वजनदार आहेत ते पाहावे.

4. तीन कल्पना कराव्यात. पहिली, कधीही न पाहिलेला एक माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याचे भले व्हावे म्हणून मी त्याला काय सांगेन? दुसरी, मरणाच्या घटकेला मला आज काय निवडले असते तर बरे वाटेल? तिसरी, न्यायाच्या दिवशी प्रभूसमोर उभे राहताना?

5. निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवावा आणि थोडे थांबावे. मनाला टिकणारी शांती लाभते की नुसतीच सुटल्याची भावना येते, हे पाहावे. पहिली काही दिवस राहते, दुसरी लवकर विरते.

अर्ज भरायला नऊच दिवस असले तरी एवढे नक्कीच करता येते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

पहिली. आपल्या देशात 'करिअर कोच' अशी पाटी लावायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी त्या व्यक्तीचे शिक्षण आणि अनुभव विचारावा. जो पहिल्याच भेटीत "हेच करा" म्हणतो, खात्रीच्या नोकरीचे आश्वासन देतो किंवा भीती घालतो, त्याच्यापासून दूर राहावे.

दुसरी. सोबत करणे म्हणजे आजारावर उपचार करणे नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात लाज नाही आणि श्रद्धा कमी असल्याचे ते लक्षणही नाही. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

घराने काय करावे?

संत योहान पॉल दुसरे पोप होण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी, दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजूर होते. 1981 मध्ये श्रमाविषयीच्या परिपत्रकात त्यांनी शिकवले की श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नाही. कामाचा मान ते करणाऱ्या व्यक्तीमुळे असतो. हे खरे असेल, तर घरात बसलेल्या माणसाचा मान कमी होण्याचे कारण नाही. "दिवसभर काय करता?" हा प्रश्न त्याला टोचतो. "आज माझ्याबरोबर वाडीत येता का?" हे विचारणे बरे.

आईवडिलांनाही एक विनंती. आपल्या वसईत एका पिढीने केळी आणि पानवेलीची वाडी राखली, पुढची लोकल पकडून मुंबईला गेली, आता नातवंडे परदेशाची स्वप्ने पाहतात. प्रत्येक पिढीने वाट बदलली आहे. आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलाच्या प्रवेश अर्जात भरू नका. खर्च किती झेपेल हे त्याला स्पष्ट सांगा, कारण बुरूज बांधण्याआधी बसून हिशेब करायला प्रभूनेच सांगितले आहे (लूक 14). पण हिशेबाबरोबर त्याला हेही विचारा की कोणते काम करताना तुला वेळेचे भान राहत नाही.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशूने हेच केले (लूक 24). दोन निराश शिष्य यरुशलेम सोडून निघाले होते. प्रभूने त्यांना अडवले नाही, वाट चुकलात असेही म्हटले नाही. त्यांच्याबरोबर चालत त्यांच्या बोलण्याचा विषय विचारला, सगळे ऐकून घेतले आणि मगच शास्त्र उलगडून सांगितले. मागे फिरण्याचा निर्णय शेवटी त्या दोघांनी स्वतःच, त्याच रात्री घेतला.

पुन्हा त्या ओट्यावर

त्या गृहस्थांकडे मी पुढे काही महिने दर गुरुवारी संध्याकाळी जात राहिलो. पहिल्या दोन भेटींत आम्ही फारसे बोललो नाही. तिसऱ्या भेटीत मी विचारले, "कंपनीतला कोणता दिवस तुम्हाला सर्वांत जास्त आठवतो?" त्यांना पगारवाढ आठवली नाही, बढतीही आठवली नाही. रात्रपाळीत बंद पडलेले यंत्र एका शिकाऊ मुलाकडून त्यांनी दुरुस्त करून घेतले होते, ती रात्र आठवली. "मी हात लावला नाही, फादर. नुसता बाजूला उभा राहिलो. पोरानं केलं." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

मी काहीच सुचवले नाही. पुढच्या गुरुवारी तेच म्हणाले, "शेजारचा पोरगा पंप दुरुस्तीचं काम शिकतोय. त्याच्याबरोबर जाऊन बघू का?" मिळकत थोडीच होती. सगळे दुःख संपले असेही नाही. नोकरी सोडायला नको होती असे ते अधूनमधून म्हणत, आणि ते ऐकून घेण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसे. पण ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे थांबले. जुना शर्ट घालून कामाला निघू लागले.

यंत्राजवळ नुसते उभे राहून मुलाला काम करू देणे, हे त्यांना 28 वर्षांच्या अनुभवातून माहीत होते. मला ते त्यांच्याकडून शिकावे लागले.

चिंतनासाठी व समूहात चर्चेसाठी

1. माझ्याकडे सल्ला मागायला आलेल्या शेवटच्या व्यक्तीला मी किती प्रश्न विचारले आणि किती उत्तरे दिली?
2. माझ्या आयुष्यातला 'रानातला काळ' कोणता? तेव्हा माझ्याबरोबर कोण चालले?
3. आपल्या वाडीत नुकतीच कोणाची नोकरी गेली किंवा कोण निवृत्त झाले? या आठवड्यात मी त्यांना भेटू शकेन का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, थकलेल्यांच्या वाटेवर तू न बोलावता आलास. ज्यांचे काम सुटले आहे आणि ज्यांना वाट निवडायची आहे, त्यांच्याबरोबर चाल. आम्हांला उत्तरांची घाई करू देऊ नकोस. ऐकणारे कान दे आणि ज्याचा निर्णय त्याला घेऊ देण्याइतका विश्वास दे. आमेन.